पाड्यावर मुलांचं शिबिर घ्यायचंय? मग आधी प्रोजेक्टर घरी ठेवा

पहिल्या वर्षी आम्ही धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर गेलो तेव्हा जीपच्या टपावर प्रोजेक्टर होता, बाहुल्यांच्या खेळाची पेटी होती, रंगीत छापलेल्या वह्या होत्या आणि आम्ही सगळे एकसारख्या टीशर्टमध्ये, म्हणजे नाशिकच्या चर्चमध्ये व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतलं मुलांचं बायबल शिबिर, जसं होतं तसंच उचलून सातपुड्यात नेलं होतं. लाईट दुसऱ्या दिवशी गेली ती आम्ही परत निघेपर्यंत आलीच नाही. पण खरी फजिती लाईटमुळे नाही झाली. मी पुढे उभी राहून हातवारे करून हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होते, छान पुस्तकी मराठीत, आणि बघते तर मुलं एकेक करून माझ्याकडे पाठ करून बसायला लागली. मागे एक आठवी-नववीतली मुलगी कडेवर भाऊ घेऊन बसलेली, ती हळू आवाजात पावरीत, म्हणजे तिकडच्या पावरा लोकांच्या बोलीत, सगळं सांगत होती, आणि सगळी मुलं तिच्याकडे तोंड करून. मी पुढे बोलतेय आणि श्रोते सगळे उलट्या दिशेला!

त्या दिवशी मला कळलं की ह्या कार्यक्रमात पुढे कोण उभं राहायला पाहिजे. खाली जे लिहितेय ते सगळं त्याच्यावरच आहे, म्हणजे आपण शहरातली मंडळी मागे कशी बसायची त्याची ही गाईड समजा. अनुभव नंदुरबार जिल्ह्याचा आहे, धडगाव आणि अक्कलकुव्याकडचा, तुम्ही डहाणू-जव्हारला किंवा मेळघाटात जाणार असाल तर भाषा आणि सण वेगळे धरा.

तारीख आपल्या सोयीने ठरवू नका

आपल्याकडे परीक्षा संपली की एप्रिलमध्ये शिबिर. तिकडे एप्रिलमध्ये गेलात तर निम्मी घरं कुलूप लावलेली मिळतील, कारण बरीच कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गुजरातेत जातात ती कारखाने बंद झाल्यावरच परत येतात, आणि मोठी मुलं आश्रमशाळेत असतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात, मुलं पहाटे उजाडायच्या आत टोपली घेऊन झाडाखाली. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार आणि मग होळी, तेव्हा तर जाऊच नका, कार्यक्रमासाठी तरी नाही, पाहुणे म्हणून बोलावलं तर जरूर जा. मेमध्ये आश्रमशाळा सुटतात, ऊसतोडीवाले परत आलेले असतात, म्हणून आम्ही मे महिना धरतो. तेव्हाही लग्नं असतात, कुणाच्या घरी इंदल, म्हणजे रात्रभर चालणारा देवाच्या पूजेचा उत्सव, असेल तर आख्खी रात्र गाव जागं असतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला एकही मूल येत नाही, आणि यायलाही नको, झोपू दे त्यांना. आठवडी बाजाराचा दिवस पण सोडायचा. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की चांदसैली घाटात दरड वगैरे पडते, रस्ता बंद, तिथे अडकलात की अडकलात.

वेळ सकाळी आठ ते साडेदहा, आणि मग डायरेक्ट चारनंतर. दुपारी ऊन चाळीसच्या वर असतं, आणि मुलींना पाणी भरायचं, शेरडं सांभाळायची, टोळंबी (मोहाची फळं) वेचायची, ही कामं असतातच. "मुली रेग्युलर येत नाहीत" अशी तक्रार करण्याआधी त्यांच्याबरोबर एकदा हंडा घेऊन झऱ्यापर्यंत जाऊन या.

तीन फेऱ्या आधी

पाच दिवसांच्या शिबिरासाठी किमान तीनदा आधी जाऊन यायचं, हा आमचा नियम झालाय. पहिल्या फेरीत कार्यक्रमाचं नावही काढायचं नाही, फक्त ओळख. तिकडे घरं एका जागी नसतात हो, प्रत्येकाचं घर ज्याच्या त्याच्या शेतात, डोंगराच्या वेगवेगळ्या सोंडेवर, एका गावाचे आठ-दहा पाडे आणि एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायला तास लागतो. म्हणून "गावात कार्यक्रम आहे" ह्याला काही अर्थ नाही, कुठल्या पाड्यावर ते सांगा, आणि जागा अशी बघा की सगळ्यात लांबचं मूल अर्ध्या तासात चालत येईल आणि मध्ये नाला किंवा कडा लागणार नाही.

दुसऱ्या फेरीत सरपंच, पोलीस पाटील, गावचे कारभारी आणि पुजारा, ह्या सगळ्यांना भेटायचं. हो, पुजाऱ्यांना पण, आणि त्यांना सगळ्यात आधी भेटलात तर उत्तम. हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे आदिवासींसाठी खास तरतुदी असलेला भाग आहे, ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ पासून आहे, इथे ग्रामसभेला मान आहे आणि तो आपण पण द्यायचा. सरळ सांगायचं की आम्ही ख्रिस्ती आहोत, चर्चमधून आलोय, मुलांना येशूच्या गोष्टी सांगणार, गाणी, खेळ, चित्रं घेणार. "संस्कार शिबिर", "व्यक्तिमत्त्व विकास" असली नावं लावून आत शिरायचं नाही. मला ह्याचा खरंच राग येतो, आपली गोष्ट चांगली आहे असं आपण मानतो तर मग लपवायची कशाला? लपवून केलेलं नंतर उघड होतंच, आणि मग त्रास आपल्याला कमी, तिथल्या दोन-चार विश्वासी, म्हणजे येशूला मानणाऱ्या, कुटुंबांना जास्त होतो. आपण जीपमध्ये बसून निघून जातो, त्यांना तिथेच राहायचं असतं.

आणि गावानं नाही म्हटलं तर नाही. एका गावात आम्हाला नको सांगितलं, आम्ही चहा पिऊन राम राम करून परत आलो. राम राम केल्याने आपला विश्वास काही कमी होत नाही बरं का, काही जणांना ह्याची फार भीती असते.

तिसरी फेरी आई-वडिलांसाठी. घरोघरी. सही किंवा अंगठा घेतलेला साधा कागद करा, मराठीत मोठ्या अक्षरात, आणि आधी तो त्यांच्या बोलीत वाचून दाखवा: काय शिकवणार, कोण शिकवणार, किती वाजेपर्यंत, काय खायला देणार, फोटो चालेल की नाही. ज्या मुलाच्या घरून होकार नाही ते मूल आलं तर हाकलायचं नाही, पण घरी जाऊन विचारून यायचं. आणि आई-वडिलांना सांगायचं की तुम्ही कधीही येऊन बसा. आमच्याकडे आता रोज पाच-सात बाया आणि म्हातारे झाडाखाली बसलेले असतात, तंबाखू मळत ऐकतात, मध्येच काहीतरी बोलतात, सगळे हसतात. मला पहिले ते डिस्टर्ब वाटायचं.

कायद्याचं थोडं, पण वगळू नका

झेडपीच्या शाळेची खोली सोयीची वाटते, सरही ओळखीचे असतात, तरी घेऊ नका. पूर्णपणे सरकारी पैशानं चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, घटनेचं कलम २८ आहे, आणि त्या बिचाऱ्या सरांची नोकरी अडचणीत येते. आंब्याचं झाड, कुणाचं अंगण, मांडव टाकलेलं शेत, हे बेस्ट. घटनेच्या कलम २५ नं धर्म सांगायचा हक्क दिलाय, पण १९७७ साली सुप्रीम कोर्टानं स्टॅनिस्लॉस केसमध्ये स्पष्ट केलं की त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. शेजारी गुजरातमध्ये २००३ पासून आणि मध्य प्रदेशात २०२१ चा असे धर्मांतराचे कडक कायदे आहेत, आणि सीमेवरच्या पाड्यांवर मुलं पलीकडच्या राज्यातून पण येतात, मामाकडे आलेली असतात वगैरे. तुम्ही जाताय तिथे आत्ता काय लागू आहे ते एखाद्या वकिलाला विचारूनच निघा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या माहितीवर नको.

आमचे स्वतःचे नियम कायद्यापेक्षा कडक आहेत. लहान मुलांना बाप्तिस्म्याबद्दल विचारायचं नाही. वस्तू वाटायच्या नाहीत, म्हणजे दप्तर, कपडे, चपला काहीच नाही, कारण मग मूल गोष्टीसाठी आलं की दप्तरासाठी ते तुम्हाला कधीच कळणार नाही आणि गावालाही कळणार नाही. खाऊ सगळ्यांना, गाणं म्हणो न म्हणो. "तुला शहरात शिकवू" असं कुणीही बोलायचं नाही, मूल बरोबर घेऊन यायचं तर नावच नको. बालगृहांना २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली नोंदणी लागते आणि मुलं अशी कुणाच्या शब्दावर नेता येत नाहीत.

आणि एक मोठं माणूस एका मुलाबरोबर एकटं कधीच नाही. दोन जण, उघड्यावर, दिसेल असं. कुठल्या मुलानं अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर "प्रार्थना करू" म्हणून गप्प बसायचं नाही, पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर मुलांनाच पाठ करून द्या, गाण्यात बसवा, आम्ही बसवलाय.

टीम

आठ-दहा लोक पुरे, त्यातले निम्मे तिथले पाहिजेत. नवापूर भागात मावची जमातीच्या ख्रिस्ती मंडळ्या बऱ्याच आहेत, तिथली तरुण मुलं-मुली अशा कामाला तयार असतात, पण मावची वेगळी आणि पावरी वेगळी, भिलोरी अजून वेगळी, "आदिवासी भाषा" असं एक काही नसतं. म्हणून त्याच पाड्याच्या आजूबाजूचे दोन-तीन तरुण हवेतच. त्यांना महिनाभर आधी गोष्टी द्या, कागदावर नाही, तोंडी. एका रविवारी बसून गोष्ट सांगायची, मग त्यांनी ती आपल्या बोलीत परत सांगायची, आपण चुकलंय का ते बघायचं, आणि नंतर ते जसं सांगतील ते फायनल. ह्या बोलींमध्ये बायबलच्या गोष्टींची रेकॉर्डिंग पण मिळतात, मोबाईलमध्ये आधीच डाऊनलोड करून न्या, वर रेंज नाही.

मग शहरातल्या लोकांनी काय करायचं? भांडी घासायची, पाणी भरायचं, लहानांना सांभाळायचं, ढोल वाजवणाऱ्याच्या मागे बसून टाळ्या वाजवायच्या. सिरियसली. आमच्यातल्या दोघांना हे पटलं नाही, ते पुढच्या वर्षी आले नाहीत, ठीक आहे.

गोष्ट कुठली आणि कशी

पाच दिवस, पाच गोष्टी, बस. बी पेरणारा (मत्तय १३) पहिल्या दिवशी, कारण खडकाळ उतारावर पेरणी म्हणजे काय हे त्या मुलांना आपल्यापेक्षा शंभर पटीनं कळतं. सुपात ज्वारी आणि मका घेऊन खरंच फेकायचं, वाटेवर, दगडावर, काट्यात. एका मुलानं मला विचारलं होतं, हा शेतकरी वेडा आहे का, वाटेवर बी कशाला टाकतो? फार चांगला प्रश्न आहे, मुलांनाच भांडू द्या त्यावर. हरवलेलं मेंढरू (लूक १५) सांगताना शेरडू म्हटलं तरी चालतं, शेरडू रात्री परत आलं नाही की बिबट्या, हे प्रत्येक घराला माहीत आहे, म्हणून ती गोष्ट ऐकताना मुलं अक्षरशः श्वास रोखतात. वादळाची गोष्ट (मार्क ४) मात्र जागा बघून. नर्मदेकाठच्या गावांमध्ये सरदार सरोवराचं पाणी आल्यापासून लोक होडीनंच ये-जा करतात, तिथे ही गोष्ट एकदम घरातली वाटते, पण वरच्या डोंगरातल्या मुलांनी एवढं मोठं पाणी पाहिलेलंच नसतं, तिथे पाच भाकरींची घ्या (योहान ६), त्यात एक मुलगाच आपली शिदोरी देतो. भाकरी खरी आणायची आणि गोष्ट संपल्यावर वाटून खायची.

चित्रं लावायची तर गोरा, निळ्या डोळ्यांचा येशू नको प्लीज. आणि ते पाच रंगांचं बिनशब्दांचं पुस्तक खूप जण वापरतात, त्यात पाप म्हणजे काळं पान. सावळ्या मुलांसमोर काळा रंग पापाचा म्हणून दाखवायला माझा हात उचलत नाही, आम्ही ते बंद केलं. नरकाची भीती घालणं पण बंद. आणि याहामोगी, वाघदेव, त्यांच्या देवांबद्दल वाईट एक शब्द नाही, चेष्टेतसुद्धा नाही.

वचन पाठांतर दिवसाला एक, छोटं, स्तोत्र २३ चं पहिलं वाक्य हे ज्याला काहीच वाचता येत नाही त्यालाही जमतं. बक्षीस नको, सगळ्यांनी मिळून म्हणायचं.

गाणी त्यांच्या चालीवर. ढोल आणि बासरी तिथे असतेच, आपला कीबोर्ड नको. काही वडीलधाऱ्यांना हे आवडत नाही, "देवाची गाणी ढोलावर?" म्हणतात. अहो, गोव्यातले मिशनरी फादर स्टीफन्स ह्यांनी ख्रिस्तपुराण ओव्यांमध्ये लिहिलं, १६१६ साली ते छापलंही गेलं, ना. वा. टिळकांनी अभंग लिहिले, नगरकडे ख्रिस्ती कीर्तनं झाली, मग पावऱ्यांनी ढोल वाजवला तर काय बिघडलं. एकच, रात्री दहानंतर स्पीकर नाही, आणि खरंतर स्पीकरच नको.

गट, खेळ, आणि कडेवरची बाळं

वय विचारून गट पाडता येत नाही, बऱ्याच मुलांना वय माहीत नसतं आणि शाळेतली जन्मतारीख १ जून असते. शाळेची इयत्ता किंवा सरळ उंची बघून तीन गट करा. आणि चौथा गट, जो कुठल्याच ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत, कडेवरच्या बाळांचा. मोठ्या बहिणी बाळ घेऊनच येतात, बाळ रडलं की त्या उठतात आणि निम्म्या मुली कायम अर्ध्यातच जातात. झाडाला दोन झोळ्या बांधा, एक गोधडी टाका, टीममधल्या दोघी तिथे बसवा, मग बघा मुलींचा आवाज कसा फुटतो ते. अख्ख्या शिबिरात पैसा न लागता झालेला सगळ्यात मोठा फरक हाच.

खेळ त्यांचे त्यांना येतात. क्राफ्टला पळसाची पानं, बिया, माती, कोळसा, थर्माकोल आणि चमकी न्यायची नाही, तो कचरा पावसात नाल्यात जातो.

खाणं आणि तब्येत

साठ मुलांना मुगाच्या खिचडीला साधारण चार किलो तांदूळ आणि एक-सव्वा किलो डाळ लागते, वर दहा जणांचं जास्तीचं धरा कारण बाया आणि म्हातारे पण असतात. रेशन शहाद्याला घ्या, पण लाकूड, भाजी, कोंबडी पाड्यावरच विकत घ्या, पैसे देऊन. स्वयंपाक तिथल्याच बायांनी केला तर मुलं जास्त खातात, आणि त्यांना रोजची मजुरी द्यायची, "सेवा" म्हणून फुकट राबवायचं नाही. पाणी उकळून किंवा क्लोरीनचे थेंब टाकून, बाटलीवर प्रमाण लिहिलेलं असतं.

एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: ह्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. असं मूल उन्हात पळालं, पाणी कमी पडलं की हातापायात भयंकर दुखायला लागतं. म्हणून घरी भेटी देताना विचारून ठेवा, आणि दर अर्ध्या तासाला सगळ्यांना पाणी, खेळ सावलीतच. ओआरएसची पाकिटं भरपूर न्या, नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. विंचू आणि साप दगडाखाली, लाकडाच्या ढिगात असतात, बसायची जागा रोज सकाळी काठीनं बघून घ्या. चावलं तर मंत्र, पट्टी, चिरा ह्यात वेळ न घालवता थेट पीएचसीत, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात, न्या, रेंज कुठल्या टेकडीवर मिळते ते पहिल्याच दिवशी शोधून ठेवा म्हणजे १०८ ला फोन लागेल, आणि आमची जीप ड्रायव्हरसकट तिथेच थांबते, हा खर्च कापू नका. झोपताना मच्छरदाणी.

हात वर करायला लावू नका

शेवटच्या दिवशी "कोणाला येशू पाहिजे त्यांनी हात वर करा" असं करतात, मग आकडा मोजतात, मग तो रिपोर्टमध्ये जातो. मुलं पाहुण्यांना खूश करायला हात वर करतात हो, मी विचारलं असतं कोणाला हत्ती पाहिजे तरी सगळे वर आले असते! आम्ही रिपोर्टमध्ये फक्त किती मुलं आली, किती खर्च झाला, आणि तिथल्या किती तरुणांनी गोष्ट सांगितली एवढंच लिहितो. एका देणगीदारानं ह्यावरून पुढच्या वर्षी पैसे दिले नाहीत. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो ग्रुपवर टाकत नाही, त्यावरून पण नाराजी झाली, चालायचंच.

शिबिरानंतर दर आठवड्याला जे होईल ते तिथले तरुण करतील, आपण दिवाळीच्या सुट्टीत एकदा जाऊन यायचं, रिकाम्या हातानं, नुसतं भेटायला. ती आठवी-नववीतली मुलगी, जी मागे बसून सांगत होती, आता ती पुढे बसून सांगते आणि तिचा भाऊ शाळेत जातो. ह्या वर्षी तिनंच निरोप पाठवलाय की गावात इंदल आहे, मेच्या वीस तारखेनंतर या, आणि येताना मोठं पातेलं आणा, मागच्या वर्षीचं पुरलं नव्हतं.